डीडीआर५ कडे कधी वळावं? नव्या हार्डवेअर मानकाच्या चार तारखा

डीडीआर४ आणि डीडीआर५ या संगणकाच्या रॅमच्या, म्हणजे कामापुरत्या मेमरीच्या, जुन्या आणि नव्या पिढ्या. डेस्कटॉपच्या दोन्ही स्टिकना पिना २८८च. लांबीही सारखीच. पण खालच्या कडेची खाच डीडीआर५ मध्ये मुद्दाम थोडी सरकवलेली आहे, म्हणजे जुनी स्टिक नव्या बोर्डात कुणी जोर लावून बसवू नये. एवढीशी खाच, पण सगळा खर्च तिथेच आहे. रॅम बदलायची तर मदरबोर्ड बदलावा लागतो, मदरबोर्डाबरोबर बहुतेक वेळा सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) बदलतं आणि सॉकेट बदललं की प्रोसेसरही आलाच. त्यामुळे ‘डीडीआर५ घेऊ का थांबू?’ हा प्रश्न दिसतो रॅमचा, पण असतो तिघांच्या संचाचा.

सगळी मानकं अशी आडमुठी नसतात. ग्राफिक्स कार्ड वगैरे बोर्डाला जोडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस मानकाचं ४.० चं कार्ड ३.० च्या स्लॉटमध्ये चालतं, ५.० च्याही चालतं. यूएसबीचं आणि वाय-फायचंही तसंच. जी मानकं मागच्या पिढीशी जुळवून घेतात, त्यांच्याबद्दल फार डोकं शिणवू नये. जी वस्तू हवी ती घ्यावी, नवं मानक तिच्यासोबत येईल तेव्हा येईल. फक्त ‘चालतं’ आणि ‘पूर्ण वेगानं चालतं’ यांत फरक असतो. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे जानेवारी २०२२ मधलं ग्राफिक्स कार्ड याचं चांगलं उदाहरण आहे. त्याला सोळा किंवा आठ नाही, चारच लेन (डेटा ये-जा करण्याच्या वाटा) दिल्या होत्या. ४.० च्या बोर्डात ते ठीक चालायचं. ३.० च्या बोर्डात त्याच चार लेनची क्षमता निम्मी व्हायची. त्यात कार्डावर मेमरी अवघी ४ जीबी, म्हणजे ती भरली की उरलेला डेटा याच अरुंद वाटेनं मुख्य रॅममध्ये ये-जा करणार. स्वस्तातलं कार्ड म्हणून ते घेणाऱ्यांकडेच जुने बोर्ड जास्त, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खायचं.

आता खाच सरकवणाऱ्या मानकांकडे येऊ. अशा प्रत्येक मानकाला चार तारखा असतात. पहिली, कागदावर मानक जाहीर होतं ती. दुसरी, दुकानात पहिली वस्तू येते ती. तिसरी, तेवढ्याच पैशात नवं खरोखर जुन्यापेक्षा चांगलं मिळू लागतं ती. चौथी, कारखाने जुनं बनवणं आवरू लागतात ती. बातम्या पहिल्या दोन तारखांच्या होतात. खरेदी करणाऱ्याच्या कामाच्या मात्र शेवटच्या दोन, आणि त्या कुठेच जाहीर होत नाहीत.

मेमरीची मानकं ठरवणाऱ्या जेडेक या संस्थेनं डीडीआर५ चं मानक जुलै २०२० मध्ये प्रसिद्ध केलं. सर्वसामान्य ग्राहकाला ते नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलच्या बाराव्या पिढीच्या प्रोसेसरसोबत मिळालं. डीडीआर४ च्या वेळी हेच अंतर जास्त होतं. मानक सप्टेंबर २०१२ चं, महागड्या एक्स९९ बोर्डांवर ते ऑगस्ट २०१४ मध्ये आलं आणि नेहमीच्या डेस्कटॉपवर ऑगस्ट २०१५ मध्ये. म्हणजे मानक जाहीर झाल्याची बातमी वाचून खरेदी लांबणीवर टाकण्यात अर्थ नसतो. वर्ष-सव्वा वर्ष तरी हातात काही पडत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तारखेच्या मधला काळ सगळ्यात फसवा. २०२१ च्या अखेरीस काय झालं ते पाहा. डीडीआर४ पर्यंत रॅमला लागणारा व्होल्टेज मदरबोर्ड तयार करून द्यायचा. डीडीआर५ मध्ये ते काम स्टिकवरच आलं. बोर्ड ५ व्होल्ट पुरवतो आणि स्टिकवरची पीएमआयसी नावाची छोटी चिप त्याचे १.१ व्होल्ट करते. कल्पना चांगलीच आहे, पण त्या वेळी जगभर चिपांचा तुटवडा होता आणि ही पीएमआयसीही त्यात सापडली. मेमरीच्या चिपा आहेत, पण ही पूरक चिप नाही म्हणून स्टिक तयार होत नाहीत, अशी गत झाली. भाव चढले आणि चढ्या भावातही माल मिळेना.

बरं, पैसे मोजून घेतलेल्या स्टिक तरी वेगवान होत्या का? इथे एक साधा हिशेब करता येतो आणि तो प्रत्येकानं करावा. पाकिटावर दोन आकडे असतात. एक वेगाचा, म्हणजे सेकंदाला किती दशलक्ष वेळा डेटा हलतो तो: ३२००, ४८००, ६०००. दुसरा सीएल, म्हणजे मागणी केल्यापासून पहिला डेटा हाती येईपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात तो. सीएलला दोन हजारांनी गुणा आणि वेगानं भागा, प्रत्यक्ष वाट पाहण्याचा काळ नॅनोसेकंदात मिळतो. डीडीआर४-३२०० सीएल१६ चं उत्तर १० नॅनोसेकंद. सुरुवातीची डीडीआर५-४८०० सीएल४० घ्या: १६.७. म्हणजे दीडपटीहून जास्त वाट. नंतर आलेली डीडीआर५-६००० सीएल३० पुन्हा १० वर येते.

दुसरीकडे डेटा वाहून नेण्याची क्षमता वाढलेली असते. वेगाला आठनं गुणलं की ६४ बिटच्या एका चॅनलची (रॅम ते प्रोसेसर या वाटेची) क्षमता मेगाबाइटमध्ये मिळते. ३२०० ला सेकंदाला २५.६ जीबी, ४८०० ला ३८.४, ६००० ला ४८. म्हणून त्या पहिल्या पिढीच्या डीडीआर५ वर फाइल झिप करणं, व्हिडिओ रेंडर करणं, प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळणं अशी डेटाचा लोंढा ओढणारी कामं सुधारली. पण जिथे प्रोसेसर इथून थोडं, तिथून थोडं मागत असतो अशा अनेक गेममध्ये चांगली डीडीआर४ बरोबरीनं चालली, कधी पुढेही गेली. नव्याचा आकडा मोठा आणि अनुभव जैसे थे, अशी गोष्ट त्यामुळे होते. तिसरी तारीख आली का हे ओळखायची खूणही यातूनच मिळते. मध्यम दराच्या नव्या स्टिकचा वाट पाहण्याचा काळ जुन्या चांगल्या स्टिकइतका झाला आणि जीबीमागे दर जवळ आला, की ती तारीख आली असं समजायला हरकत नाही.

काही मानकांच्या नशिबी तिसरी तारीख येतच नाही. १९९९ ते २००२ मधली रॅम्बस कंपनीची आरडीरॅम ही मेमरी त्यातलीच. इंटेलनं आपला जोर तिच्यामागे लावला होता. तिच्यासाठीचा आय८२० चिपसेट (बोर्डावरच्या मुख्य चिपा) नोव्हेंबर १९९९ मध्ये आला, तोही तीन स्लॉटच्या बोर्डांवर मेमरीच्या चुका सापडल्यामुळे उशिरा. पेंटियम ४ च्या आय८५० बोर्डावर तर या स्टिक जोडीनंच लावाव्या लागत आणि रिकाम्या स्लॉटमध्येही ‘सीरिम’ नावाच्या कोऱ्या पट्ट्या घालाव्या लागत, नाहीतर सिग्नलची साखळी तुटायची. किंमत मात्र साध्या रॅमच्या कितीतरी वर. बाजार स्वस्त डीडीआरकडे वळला, २००१-०२ च्या संधिकाळात इंटेलनंही पेंटियम ४ ला डीडीआर दिली आणि आरडीरॅमवाल्यांना पुढे रॅम वाढवायची म्हटलं तरी दामदुप्पट मोजावं लागलं. यावरून एक कसोटी निघते. एकाच कंपनीच्या पाठबळावर उभं असलेलं मानक आणि सगळे प्रतिस्पर्धी एकाच वेळी बनवत असलेलं मानक यांची जोखीम सारखी नसते. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन तिघेही बनवत असलेल्या डीडीआर५ बद्दल ‘टिकेल का’ ही शंका पहिल्या दिवसापासूनच नव्हती. शंका फक्त ‘कधी’ची होती.

पहिल्या आवृत्तीतले दोष हा आणखी एक विषय. इथे रॅमपेक्षा वीजजोडणीचं उदाहरण बोलकं आहे. २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांसाठी १२व्हीएचपीडब्ल्यूआर नावाचा सोळा पिनांचा नवा कनेक्टर आला. बारा पिना विजेच्या, चार खुणेच्या, क्षमता ६०० वॉट. ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० हे कार्ड आलं आणि काही आठवड्यांतच वितळलेल्या कनेक्टरांचे फोटो फिरू लागले. अडचण अशी होती की कनेक्टर पूर्ण आत गेला नाही तरी खुणेच्या पिना टेकायच्या, कार्डाला वाटायचं सगळं ठीक आहे आणि अर्धवट टेकलेल्या वीजपिनांतून पूर्ण करंट धावायचा. २०२३ मध्ये १२व्ही-२x६ ही सुधारित आवृत्ती आली. तिच्यात खुणेच्या पिना आखूड केल्या आणि विजेच्या थोड्या लांब, म्हणजे कनेक्टर नीट बसल्याशिवाय कार्ड वीज ओढणारच नाही. तरीही २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५०९० बाबत अशाच तक्रारी आल्या. सुधारित आवृत्तीसुद्धा सगळे दोष धुऊन काढते असं नाही.

डीडीआर५ च्या बाबतीतही असे काटे होते, काही अजून आहेत. एएम५ हे एएमडीचं फक्त डीडीआर५ चालणारं पहिलं सॉकेट २७ सप्टेंबर २०२२ ला आलं. एप्रिल २०२३ मध्ये त्यावरचे काही एक्स३डी (जादा कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी असलेले) प्रोसेसर जळाले. रॅमची एक्स्पो ही वेगाची सेटिंग चालू केली की काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी या मेमरी सांभाळणाऱ्या भागाला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज द्यायचे. एएमडीनं बायोसच्या (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) अपडेटमधून ही मर्यादा १.३ व्होल्टवर बांधली. त्यामुळे जुन्या साठ्यातला किंवा वापरलेला एएम५ बोर्ड घेतलात तर एक्स्पो चालू करण्याआधी बायोस अपडेट करा. हा क्रम उलटा होऊ देऊ नका.

चार स्टिकचा प्रश्न तर कायमचा आहे. डीडीआर४ वर ‘आत्ता दोन घेऊ, पुढे दोन वाढवू’ हे चालून जायचं. एएम५ वर रायझन ७००० प्रोसेसरांसाठी एएमडीनं दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकना ५२०० आहे आणि चार लावल्या की ३६००. कारण सरळ आहे. एका चॅनलवर दोन स्टिक आल्या की सिग्नलच्या वाटेला फाटा फुटतो, परावर्तन वाढतं आणि इतक्या वेगात ते सहन होत नाही. म्हणून पुढे ६४ जीबी लागणार याची खात्री असेल तर आज १६-१६ च्या दोन स्टिक घेऊ नयेत, थेट ३२-३२ च्या दोन घ्याव्यात. अधलंमधलं हवं असेल तर २०२३ पासून २४ आणि ४८ जीबीच्याही स्टिक मिळतात. उलट, स्वस्तात काम भागवायला ८ जीबीची डीडीआर५ स्टिक घेणं नुकसानीचं ठरतं. तिच्यावर सहसा सोळा बिटवाल्या चारच चिपा असतात आणि त्यांत बँकांचे (चिपेतल्या मेमरीच्या कप्प्यांचे) गट निम्मे, त्यामुळे ती १६ जीबीच्या स्टिकपेक्षा मंद पडते.

‘ऑन-डाय ईसीसी’ या शब्दाला भुलू नका. डीडीआर५ च्या प्रत्येक चिपमध्ये स्वतःच्या पोटातल्या चुका दुरुस्त करण्याची सोय असते. चिपा इतक्या बारीक झाल्यावर ती निर्मात्यांची गरजच होती. चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक ती पकडत नाही. हिशेबाचा किंवा संशोधनाचा डेटा सांभाळणाऱ्या यंत्राला खरी ईसीसी स्टिकच लागते. आणि सर्व्हरच्या आरडिम स्टिक डेस्कटॉपमध्ये बसत नाहीत. त्यांची खाच वेगळी, शिवाय त्यांना १२ व्होल्ट पुरवठा लागतो.

आता चौथी तारीख. लोक हिशेब करताना हिला विसरतात. जुनं मानक स्वस्त होत जातं हे खरं, पण शेवटपर्यंत नाही. कारखान्यांना तीच जागा नव्या चिपांसाठी हवी असते. २०२५ मध्ये मोठ्या उत्पादकांनी डीडीआर४ आवरती घेत असल्याचं ग्राहकांना कळवायला सुरुवात केली, साठेबाजी झाली आणि वर्षाच्या मध्यावर डीडीआर४ चिपांचे हजर बाजारातले भाव चक्क डीडीआर५ च्या वर गेले. गरजवंताला अक्कल नसते, आणि जुन्या यंत्रांत रॅम वाढवायची राहून गेलेले सगळे तेव्हा गरजवंत होते. त्यापुढे वर्षाच्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली, डीडीआर५ चे किरकोळ भावही काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं क्रुशल या आपल्या ग्राहकांसाठीच्या ब्रँडमधून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलं. ‘थांबलं की स्वस्त होतं’ हा नियम मेमरीच्या बाजारात अर्धवटच खरा आहे, कारण इथे दर मागणी-पुरवठ्याच्या लाटांवर वर-खाली होतात.

मग ज्याच्याकडे आज डीडीआर४ चं यंत्र आहे त्यानं काय करावं? आधी अडचण रॅमच्या मानकाची आहे का, हे तपासावं. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा. नेहमीचं काम चालू असताना वापर ८५-९० टक्क्यांवर असेल तर कमतरता जीबींची आहे. तिथे जुन्याच प्रकारची आणखी एक स्टिक पुरते, आणि डीडीआर४ ची चौथी तारीख, जिच्याबद्दल वर सांगितलं, येऊन गेल्यामुळे ती लांबणीवर टाकू नये. तिथेच स्पीडचा आकडा दिसतो. तुमची स्टिक ३२०० ची असून तिथे २१३३ किंवा २६६६ दिसत असेल तर बहुधा बायोसमध्ये एक्सएमपी (एक्स्पोसारखीच वेगाची सेटिंग) चालूच केलेलं नाही. फुकटातला वेग पडून आहे. सीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये चॅनल्स दुहेरी आहेत का तेही पाहा. एकच स्टिक लावलेली यंत्रं निम्म्या रुंदीच्या वाटेवर चालत असतात.

एवढं होऊनही यंत्र कमी पडत असेल तर एएम४ (एएमडीचं आधीचं, डीडीआर४ चं सॉकेट) बोर्डवाल्यांना एक पळवाट आहे. त्याच सॉकेटमध्ये रायझन ५८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी हे प्रोसेसर बसतात. त्यांच्यावरचा मोठा एल३ कॅशे रॅमकडे जाण्याची गरजच कमी करतो, त्यामुळे गेमसाठी डीडीआर४ ची मर्यादा बऱ्याच अंशी झाकली जाते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीचे प्रोसेसर दोन्ही प्रकारच्या रॅमवर चालतात, पण एका बोर्डावर साधारणपणे एकच प्रकार असतो. त्यानंतरची कोअर अल्ट्रा २०० मालिका फक्त डीडीआर५ वर.

पूर्ण नवा संच घ्यायचा झाला तर किंमत वर्षांनी भागून बघा. समजा, जुन्या मानकाचा संच ३० हजारांचा आहे आणि तो तीन वर्षांनी पूर्णच बदलावा लागेल. वर्षाला १० हजार झाले. नव्या मानकाचा संच ४२ हजारांचा, चार वर्षांनी त्यातला फक्त प्रोसेसर १८ हजार घालून बदलला आणि एकूण सात वर्षं काढली. ६० हजार भागिले सात, म्हणजे साडेआठ हजारांच्या थोडं वर. हा हिशेब सॉकेट टिकलं तरच जुळतो, म्हणून सॉकेटच्या आयुष्याबद्दल कंपनीनं जाहीरपणे काय म्हटलंय ते बघावं. एएमडीनं एएम५ ला २०२७ पर्यंत आणि पुढेही साथ देण्याचं सांगितलं आहे. आणि आकडे तुमच्या शहरातल्या आजच्या भावाचे घाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सकाळी सांगितलेला रॅमचा दर अशा तेजीत संध्याकाळी बदललेला असू शकतो.

कधी कधी अडसर तंत्राचा नसून कायद्याचा असतो. वाय-फाय ६ई आणि वाय-फाय ७ चा मोठा फायदा ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे. अमेरिकेनं हा पट्टा एप्रिल २०२० मध्ये खुला केला. भारतात त्याच्या खालच्या भागासाठी नुसते मसुदा नियम यायला मे २०२५ उजाडला. अंतिम परवानगी येईपर्यंत इथे महाग ६ई राउटर घेणाऱ्याचे पैसे ज्या वैशिष्ट्यासाठी गेले, तेच वापरता येत नव्हतं. वाय-फाय ७ लिहिलेले अनेक स्वस्त राउटर फक्त २.४ आणि ५ गिगाहर्ट्झचे असतात. त्यांच्यात ३२० मेगाहर्ट्झची रुंद वाट मिळूच शकत नाही, कारण ती ६ गिगाहर्ट्झमध्येच मावते. खोक्यावरचा ‘७’ बघण्याआधी बँडची, म्हणजे या पट्ट्यांची, यादी वाचा.

घेतल्यावर बसवताना: बोर्डाच्या संकेतस्थळावर त्यांनी तपासलेल्या रॅमची यादी असते, तिच्यात आपला नेमका मॉडेल क्रमांक शोधा. स्टिक एकाच पाकिटातल्या जोडीच्या घ्या. दोन वेगळी पाकिटं एकाच नावाची असली तरी आतल्या चिपा वेगळ्या असू शकतात. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसरा आणि चौथा वापरा. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर फॅट३२ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर नवा बायोस घेऊन बोर्डावर फ्लॅशबॅक बटण असेल तर त्यानं तो आधी चढवा. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहील. बोर्ड रॅमशी वेळ जुळवून घेत असतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात आणि रॅम जितकी जास्त तितका वेळ अधिक. घाबरून बटण दाबून बंद केलंत तर ते सगळं पुन्हा पहिल्यापासून. यंत्र चालू झालं की एक्स्पो किंवा एक्सएमपी लावा आणि मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमच्या चार फेऱ्या रात्रभर चालू द्या. एक जरी चूक दिसली तरी वेग एक पायरी उतरवून, ६००० चा ५६०० करून, पुन्हा तपासा. मूळच्या ४८०० वरही चूक येत असेल तर बहुधा स्टिक सदोष आहे, ती परतीच्या मुदतीतच दुकानात न्या.